ट्रॉमा थेरपी आठवड्याला एकदा घ्यायची की सलग आठ-दहा दिवस? कोणत्या क्रमाने ठरवायचं

बहुतेक घरांत हा निर्णय उलट्या क्रमाने होतो. आधी ‘सलग दहा दिवसांत उरकून टाकू’ किंवा ‘आठवड्याला एकदा जाऊन येत जाईल’ हे ठरतं. मग थेरपिस्ट शोधला जातो. माणसाला नेमकं झालंय काय, हे सगळ्यात शेवटी कळतं. परिणाम असा की सलग थेरपीला गेलेला चौथ्या दिवशी बॅग भरून गावी परततो, नाहीतर आठवड्याला जाणारा सोयाबीनच्या काढणीत दोन खाडे करतो आणि पुन्हा तिकडे फिरकत नाही. दोघंही पुढे सांगतात, ‘थेरपी करून पाहिली, काही फरक पडला नाही.’ खरं तर थेरपी पूर्ण झालेलीच नसते.

अपघात, बलात्कार, घरातली मारहाण, पूर, जवळच्या माणसाची आत्महत्या डोळ्यांदेखत पाहणं, अशा प्रसंगानंतर ज्याची झोप उडाली आहे, दचकणं थांबत नाही, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहतो, त्या माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी हे लिहिते आहे. मराठवाड्यातल्या कुटुंबांना ही निवड करताना मी जवळून पाहत आले आहे, आणि चुका ठरावीक जागीच होतात.

आधी एवढं स्पष्ट असू द्या

दोन्हींत उपचार तोच असतो, फरक वेळापत्रकाचा. प्रोलाँग्ड एक्सपोजर (टाळलेल्या आठवणींना थेरपिस्टसोबत पुन्हा पुन्हा सामोरं जाणं), सीपीटी (प्रसंगामुळे मनात घर केलेले समज तपासून बदलणं) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आठवणींवर काम) या आघातावर, म्हणजे ट्रॉमावर, काम करणाऱ्या मुख्य पद्धती. प्रोलाँग्ड एक्सपोजरची साधारण दीड-दीड तासाची ८ ते १५ सेशन होतात, सीपीटीची १२ च्या आसपास. आठवड्याला एक घेतलं तर तीन महिने लागतात. हेच काम रोज, कधी दिवसातून दोनदा केलं, तर एक ते दोन आठवड्यांत बसतं. दीड तासाची १० सेशन म्हणजे १५ तास. ते तास दोन्हीकडे जवळपास तेवढेच भरावे लागतात.

सलग घेतल्याने फायदा कमी होतो का? इंग्लंडमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सात दिवसांच्या सलग थेरपीचा गुण तीन महिन्यांच्या साप्ताहिक थेरपीइतकाच आला, फक्त लवकर दिसला. अमेरिकेत सैनिकांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन आठवड्यांत १० सेशन आणि आठ आठवड्यांत तीच १० सेशन यांची तुलना केली, तेव्हाही सलगवाले मागे पडले नाहीत, आणि मध्येच सोडून जाणारे त्यांच्यात कमी होते. त्यामुळे ‘सलग म्हणजे जालीम, आठवड्याचं म्हणजे सौम्य’ हा समज सोडून द्या. निवड तुमच्या घराच्या, हंगामाच्या आणि प्रवासाच्या हिशेबाने करायची आहे.

टप्पा १: निदान आणि सुरक्षितता

प्रसंग घडून महिना झाला नसेल तर यातलं काहीच ठरवू नका. पहिल्या काही आठवड्यांत झोप न येणं, दचकणं, रडू कोसळणं हे बहुतेकांना होतं आणि बऱ्याच जणांचं आपोआप ओसरतं. या दिवसांत माणसाला सोबत, जेवण, झोप आणि सुरक्षित जागा लागते. सगळ्यांपुढे बसवून ‘काय झालं ते सांग, मन मोकळं कर’ असा आग्रह धरू नका, त्याने काही जणांचं जास्त बिघडतं. मात्र जीव देण्याची भाषा असेल, किंवा माणूस खाणंपिणं सोडून बसला असेल, तर महिना मोजत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

महिन्यानंतरही त्रास तसाच असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञाकडून निदान करून घ्या. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो, आणि राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, तसंच अंबाजोगाई, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेतच. कुठे जायचं हेच सुचत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतून बोलता येतं. ती पूर्ण थेरपी देणारी सेवा नव्हे, वाट दाखवणारी आहे.

डॉक्टरांना या गोष्टी स्वतःहून सांगा, ते विचारतील याची वाट पाहू नका:

- अलीकडे जीव देण्याचा प्रयत्न झाला किंवा तसा बेत मनात आहे.
- रोजची दारू किंवा इतर नशा आहे.
- नसलेले आवाज ऐकू येतात.
- फिट येतात आणि त्या आटोक्यात नाहीत.
- बोलता बोलता माणूस हरवतो, बराच वेळ कुठे आहे याचं भान राहत नाही.
- मारहाण करणारा माणूस अजून त्याच घरात राहतो.

यातलं काही असलं म्हणून उपचार मिळत नाहीत, असं अजिबात नाही. पण अशा वेळी सलग थेरपी लॉजवर राहून परस्पर सुरू करायची नसते. ती भरती करून घेता येईल अशा ठिकाणी, मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच व्हावी. शेवटच्या मुद्द्यात तर आधी सुरक्षितता: महिला हेल्पलाइन १८१, पोलीस ११२. रोज मार खाणाऱ्या बाईला जुन्या माराच्या आठवणींवर काम करायला लावणं हा तिच्यावर अन्याय आहे.

> सावध: शेतकऱ्याच्या घरात फवारणीचं औषध हाताशी असतं, बहुतेकदा पलंगाखाली किंवा माळवदावर. थेरपी कोणतीही घ्या, पहिल्या सेशनच्या आधी ते घराबाहेर न्या आणि कुलपात ठेवा. किल्ली रुग्णाकडे नको. झोपेच्या गोळ्यांचंही तेच.

टप्पा २: थेरपिस्टची चौकशी

या टप्प्यावर लोक लाजतात. ‘एवढ्या मोठ्या माणसाला शिक्षण कसं विचारायचं?’ विचारायचंच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे असते आणि नोंदणी क्रमांक ऑनलाइन तपासता येतो. त्याशिवाय फोनवर एवढं विचारा:

१. आघातासाठी तुम्ही कोणती पद्धत वापरता? तिचं प्रशिक्षण कुठे घेतलं?
२. साधारण किती सेशन लागतील, आणि एक किती वेळाचं?
३. गुण येतोय की नाही, हे कशावर मोजता?
४. सेशननंतर रात्री त्रास वाढला तर फोन कोणाला करायचा?
५. सलग थेरपी संपल्यावर पुढची भेट कधी?

तिसऱ्या प्रश्नाला ‘तुम्हालाच हलकं वाटेल’ आणि पाचव्याला ‘गरज पडत नाही’ अशी उत्तरं आली तर दुसरा माणूस शोधा.

> सावध: हॉलमध्ये पन्नास-साठ लोक बसवून, मोठ्याने रडायला लावून, दोन दिवसांत ‘आघातमुक्ती’ देणारी शिबिरं ही सलग थेरपी नव्हे. सलग थेरपीत आधी तुमची स्वतंत्र तपासणी होते, योजना ठरते आणि नंतरच्या भेटी लागतात. तपासणी न करता कोणी पैसे भरून तारीख घ्या म्हणत असेल, तर घेऊ नका.

टप्पा ३: भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून याला एक अख्खी संध्याकाळ द्या. पुढचे चार महिने समोर ठेवा आणि पेनाने खुणा करा.

पहिली खूण शेतीची. सोयाबीनची काढणी-मळणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, कापसाची वेचणी त्यापुढे. या काळात आठवड्याचं सेशन नेमाने होणार नाही. तुम्ही कितीही ठरवा, मळणीयंत्र ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी रास करावीच लागते. दुसरी खूण घरातल्या लग्नांची आणि मुलांच्या परीक्षांची. तिसरी नोकरीची: किती रजा शिल्लक आहे, सलग मिळेल का.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचं गणित वेगळं. बीड, धाराशिव, जालना भागातली जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमाराला उचल घेऊन निघतात आणि थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नोव्हेंबरात साप्ताहिक थेरपी सुरू करणं म्हणजे ती मोडण्यासाठीच सुरू करणं. जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू केली तर १२ आठवडे ऑगस्टअखेर पूर्ण होतात. ते जमणार नसेल, तर निघण्याआधीचे दहा-बारा दिवस सलग थेरपीला द्यावेत. पण तेही निघायच्या आदल्या दिवसापर्यंत ताणू नयेत, मागे दोन आठवडे मोकळे ठेवावेत.

चौथी खूण त्या प्रसंगाच्या तारखेची. वर्षश्राद्ध, अपघाताचा दिवस. किल्लारी-सास्तूर भागात ३० सप्टेंबर जवळ आला की १९९३ चा भूकंप पाहिलेल्यांची झोप आजही उडते. अशा तारखेच्या आसपास त्रास तसाही वाढतो, त्यामुळे थेरपीची सुरुवात तिच्या दोन-तीन आठवडे आधी किंवा नंतर ठेवलेली बरी. आधीच चालू असेल तर मात्र त्या आठवड्याचं सेशन चुकवू नका.

> तपासा: खुणा करून झाल्यावर सलग १२ आठवडे, दर आठवड्याचा तोच वार मोकळा दिसतोय का? एखाद-दुसरा खाडा चालेल. चार-पाच वार अडत असतील तर साप्ताहिक थेरपी कागदावरच राहील.

टप्पा ४: सेशननंतरचे चार तास

लोक सेशनचा विचार करतात, नंतरचा करत नाहीत. दीड तास त्या आठवणीत बसून उठल्यावर अंग जड होतं, डोकं सुन्न पडतं. एखाद्याला भूक लागत नाही, एखाद्याला कोणाशी बोलवत नाही. अशा अवस्थेत बसस्थानकाच्या गर्दीत दोन तास गाडीची वाट पाहायची, मग उभ्याने ५० किलोमीटर, मग फाट्यावरून चालत घर, आणि घरी पोचताच चूल. साप्ताहिक थेरपी सोडणाऱ्या कित्येक बायकांना थेरपी नको नसते, हा परतीचा प्रवास नको असतो.

म्हणून साप्ताहिक घेणार असाल तर सकाळी अकराच्या सुमाराची वेळ मागून घ्या. सेशन संपल्यावर तासभर तिथेच बसा, पाणी प्या, काही खा, मग निघा. संध्याकाळच्या मुक्कामी गाडीवर सगळी भिस्त ठेवू नका, ती चुकली की धांदल उडते. सोबत एक माणूस असावा. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, त्यामुळे आई किंवा आजी सोबत येण्याचा खर्च फार होत नाही. सेशननंतर स्वतः मोटारसायकल चालवू नका. ज्याचा आघातच अपघाताचा आहे, त्याने तर पहिले काही आठवडे मुळीच नाही.

सलग थेरपीसाठी संभाजीनगर किंवा पुण्याला जाणार असाल तर मुक्काम कुठे, यावर अर्धं यश ठरतं. पाहुण्यांच्या घरी उतरू नका. हे मी ठामपणे सांगते. पाहुणे प्रेमाने ठेवून घेतात, पण रोज संध्याकाळी ‘काय म्हणाले डॉक्टर?’ विचारतात, शेजारणीला बोलावतात, आणि रुग्णाला हसून चहा घ्यावा लागतो. दवाखान्याजवळ साधी खोली घ्या. सोबतीला असा माणूस न्या जो प्रश्न विचारणार नाही, वेळेवर जेवायला घालेल आणि रात्री दोनला जाग आली तर दिवा लावून शेजारी बसेल. असा माणूस दहा दिवस मिळणार नसेल तर सलग थेरपी पुढे ढकला.

ऑनलाइन सेशन हा खराच पर्याय आहे, पण आठ माणसांच्या घरात खोलीचं दार लावून बोलणं अवघड. काही जण वावरात लिंबाखाली बसून बोलतात. तिथे नेटवर्क तुटलं आणि माणूस आठवणीच्या ऐन मध्यावर एकटाच राहिला, तर हाल होतात. पहिल्याच सेशनला थेरपिस्टला तीन गोष्टी लिहून द्या: तुम्ही कुठे बसला आहात, जवळ कोण आहे, व्हिडिओ बंद पडला तर साध्या फोनवर कोणत्या नंबरला लावायचं.

टप्पा ५: पैशाचा हिशेब

फक्त फीची तुलना करू नका. एका बाजूला लिहा: एका सेशनची फी, गुणिले सेशन, अधिक तेवढ्या खेपांचं दोघांचं भाडं, अधिक तेवढ्या दिवसांची दोघांची बुडालेली मजुरी. दुसऱ्या बाजूला: सलग कार्यक्रमाची फी, एक खेप, खोलीभाडं, जेवण, त्या दिवसांची मजुरी आणि परतल्यावरचे सात दिवस. हे शेवटचं सगळे विसरतात. मानसिक आजाराचा विमा शारीरिक आजारासारखाच द्यावा, असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. पण बाह्यरुग्ण म्हणून घेतलेली थेरपी बऱ्याच पॉलिसींत बसत नाही, तेव्हा कंपनीकडून लेखी विचारून घ्या. थेरपीसाठी सावकाराकडून पैसे उचलू नका. त्या ओझ्याखाली कोणाची झोप सुधारत नाही.

टप्पा ६: आता निवड

आठवडे मोकळे आहेत, दवाखाना दीड-दोन तासांच्या आत आहे, घरी वातावरण बरं आहे आणि शिकलेलं रोजच्या जगण्यात हळूहळू वापरून पाहायचं आहे, तर साप्ताहिक घ्या. दारू नुकतीच सोडली असेल किंवा औषधाचा डोस अजून बसत असेल, तरी साप्ताहिकच.

जवळपास प्रशिक्षित थेरपिस्ट नाही, आघात ठरावीक प्रसंगाचा आहे, सलग रजा मिळते, सोबत माणूस आहे, आणि आधी साप्ताहिक दोनदा मध्येच सुटलं आहे, तर सलग. वर्षानुवर्षांच्या अत्याचारातून आलेल्यांनाही सलग थेरपीचा उपयोग होतो, पण ती अनुभवी चमूच्या हातून घ्यावी, एकट्या नवख्या थेरपिस्टकडून नको.

मधला रस्ताही असतो आणि लोक तो विचारतच नाहीत: आठवड्यातून दोन सेशन, सहा आठवडे. किंवा तीन-चार दिवस सलग आणि मग ऑनलाइन साप्ताहिक. पेरणीनंतरच्या उसंतीत हे चांगलं बसतं.

लहान लेकरांचं वेगळं. त्यांच्या थेरपीत आई-वडिलांनाही शिकायचं असतं, त्यामुळे बहुधा साप्ताहिकच बरं.

> तपासा: निर्णय कोणी घेतला? रुग्णाने स्वतः ‘हो’ म्हटलं का? ‘कर एकदाचं, आमचीही सुटका होईल’ या दबावाखाली गेलेला माणूस तिथे तोंड उघडत नाही.

टप्पा ७: सुरू झाल्यावर

*साप्ताहिक घेणाऱ्यांसाठी.* मधले सहा दिवस हाही उपचारच आहे. टाळलेल्या पण सुरक्षित जागी थोडं थोडं जाणं, सेशनचं रेकॉर्डिंग ऐकणं, वही लिहिणं, हा गृहपाठ केला नाही तर सेशन नुसत्या गप्पा होतात. रेकॉर्डिंग घरातल्या सगळ्यांच्या हातात फिरणाऱ्या मोबाइलवर ठेवू नका. बारक्या लेकराने ते सगळ्यांसमोर लावलं तर काय होईल, याचा विचार करा. वेगळं लॉक लावा, इयरफोन लावून ऐका, आणि ऐकायची वेळ झोपेच्या तोंडावर ठेवू नका. दुसरी चूक म्हणजे आठवड्याचं पंधरवड्यावर, पंधरवड्याचं महिन्यावर जाणं. दोन सेशन लागोपाठ चुकली तर थेरपिस्टला स्वतः फोन करा. तिसरी चूक: दर वेळी या आठवड्यातल्या भांडणावर बोलत राहणं आणि मूळ प्रसंगाला हातच न लावणं. चार-पाच सेशन अशी गेली तर स्पष्ट विचारा, ‘त्या गोष्टीवर काम कधी सुरू करायचं?’

*सलग घेणाऱ्यांसाठी.* पहिल्या दोन-तीन दिवसांत स्वप्नं वाढणं, रडू येणं, चिडचिड होणं अपेक्षित आहे. पळून येण्याची इच्छा याच दिवसांत सगळ्यात जास्त असते. निघायच्या आधीच घरच्यांशी ठरवा की असा फोन आला तर ‘ये परत’ म्हणायचं नाही, ‘आधी थेरपिस्टशी बोल’ म्हणायचं. त्याच वेळी, जीव द्यावासा वाटतोय असं तो म्हणाला तर हा नियम बाजूला. लगेच थेरपिस्टला कळवा, माणसाला एकटं सोडू नका, गरज पडली तर जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या.

दोघांनीही चालू औषधं मनाने बंद करू नयेत. आणि सेशन सोपं जावं म्हणून आधी झोपेची गोळी किंवा घोटभर दारू घेणं तर नकोच. बधिर मनावर हे काम होत नाही.

> सावध: घरच्यांनी ‘आज काय काय सांगितलंस?’ विचारू नये. ‘जेवलास का, झोप लागली का’ एवढंच पुरे.

टप्पा ८: मोजणं आणि घरी परतणं

आघातानंतरचा त्रास किती आहे हे मोजायला पीसीएल-५ नावाची २० प्रश्नांची यादी वापरतात. एकूण गुण ० ते ८०, कमी होत गेले की सुधारणा. साप्ताहिकात ती ठरावीक अंतराने भरून घ्या. सलगमध्ये सुरुवातीला, शेवटी आणि महिन्यानंतर. निम्मी सेशन होऊनही आकडा जागचा हलला नसेल, तर पद्धत बदलायची का, औषध लागेल का, वेळापत्रक बदलायचं का, हे त्याच खोलीत बोला. गुपचूप जाणं बंद करू नका.

सलग थेरपीहून परतल्यावर निदान आठवडाभर मोंढ्यावर, कामावर, लग्नात जाऊ नका. सत्यनारायणाला गाव जेवायला बोलावायची घाईही नको. घरातली हलकी कामं, रोज चालणं, वेळेवर झोप, आणि थेरपिस्टने दिलेला सराव मात्र चालू. पुढच्या भेटींच्या दोन तारखा, साधारण एक आणि तीन महिन्यांच्या, तिथून निघण्याआधीच लिहून घ्या.

निघताना एक कागद मागून आणा: निदान, वापरलेली पद्धत, झालेली सेशन, सुरुवातीचे आणि शेवटचे गुण, चालू औषधं. तो केसपेपरसोबत फाइलला लावून ठेवा. दोन वर्षांनी त्रास पुन्हा उसळला तर जिल्हा रुग्णालयातल्या नव्या डॉक्टरांना तो कागद दाखवायचा, म्हणजे सगळी हकीकत पहिल्यापासून सांगत बसावं लागत नाही.